रोज रात्री एक अमेरिकी माणूस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरात घेतलेला हा चरित्रसंग्रह अजून आमच्या जेवणाच्या टेबलावरच आहे. दोन ते चार पानांत एक माणूस, असा त्याचा बेत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा सातवीत आहे. जेवणं उरकली की तो एक चरित्र इंग्रजीत वाचतो आणि आजीला मराठीत सांगतो. त्यासाठीच घेतला होता, म्हणून माझा अनुभवही तेवढ्याच वापराचा.

पहिले काही आठवडे वाया गेले, कारण आम्ही पानं क्रमानं घेतली. सुरुवातीला सगळे राष्ट्राध्यक्ष. जन्म, निवडणूक, युद्ध, मृत्यू. ऐकता ऐकता सासूबाई जपमाळ घेऊन बसायच्या. मग एका रात्री मुलानं मधलंच पान उघडलं आणि विल्सन बेंटली निघाला.

बेंटली व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून 15 जानेवारी 1885 ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं हिमाच्या एका स्फटिकाचा फोटो काढला. पुढे जन्मभरात पाच हजारांवर. काळ्या पाटावर हिमकण झेलायचा, काडीनं काचेवर ठेवायचा, पिसानं हलकेच दाबायचा. "अरे, पण तेवढ्यात वितळत नसे?" सासूबाईंनी विचारलं. पोरानं पान परत वाचलं: खोलीत शेकोटीच नसे, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पुढच्या हिमवर्षावाला दोघं काळी शाल घेऊन ओसरीत उभे होते, हातात भिंग. या संग्रहाची किंमत माझ्या दृष्टीनं त्या दिवशीच वसूल झाली.

तेव्हापासून आम्ही एकच पारख लावतो: माणूस नेमकं काम कसं करत होता, हे कळतं का? फ्रान्सिस पर्किन्सचं पान त्यात उतरतं. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. दाराला कुलूप होतं, 146 जण गेले, बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण मुली. पर्किन्सबाईंनी ती आग रस्त्यात उभं राहून पाहिली. 1933 मध्ये त्या कामगारमंत्री झाल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री, आणि 1935 चा सोशल सिक्युरिटी कायदा (म्हातारपणी पेन्शन देणारा) घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. माझ्या पगारातून दर वेळी ती कपात होते. तिच्यामागे कोण उभं होतं, हे मला या वयात कळलं.

कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर सासूबाईंना मराठीतून आधीच ठाऊक होता. इथे भुईमुगाच्या पदार्थांची यादी आटोपती घेतलीय आणि कापसानं रोडावलेल्या जमिनीला शेंगवर्गी पिकं नत्र कशी परत देतात, ते नीट सांगितलंय. पीनट बटरचा शोध त्याचा नव्हे, हेही स्पष्ट लिहिलंय. मुलगा हिरमुसला, पण मला ते आवडलं.

राग येतो तो हेन्रिएटा लेव्हिटच्या पानाचा. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोपट्ट्या तपासताना तिनं ताडलं, की काही तारे जितके सावकाश उजळतात-मंदावतात तितके मुळात तेजस्वी असतात. 1912 चा 25 ताऱ्यांचा तिचा निबंध म्हणजे आकाशातलं अंतर मोजायची पट्टीच. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं त्याच पट्टीनं देवयानी दीर्घिकेचं (अँड्रोमेडाचं) अंतर मोजलं. हबलला चार पानं, तिला अर्धं. हे कुणाच्याच नजरेला कसं आलं नाही?

बांधणी चौथ्या महिन्यात सैल झाली. सूची फक्त आडनावांची, व्यवसायानुसार शोधता येत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना भाषा जड जाईल. त्यावरच्यांसाठी मात्र मी निःशंक सुचवीन.

एक उणीव आम्हीच भरून काढली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांचं चरित्र यात आहे, पण 1886 मध्ये तिथून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचा उल्लेख नाही. सासूबाई गप्प झाल्या. मग त्यांनीच नातवाला सांगितलं, की इथल्याच रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना घरात ठेवून घेतलं, आणि आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. मे महिन्यात आम्ही तिथे जाऊन आलो. संग्रहाच्या शेवटी दोन कोरी पानं होती. त्यांवर आता मुलाच्या अक्षरात, मराठीत, कार्पेंटरबाईंचं चरित्र आहे. ऱ्हस्व-दीर्घ आजीनं तपासलेत.