‘वाइल्ड क्रॅट्स’ : दिवाळीपासून मेपर्यंत लेकीसोबत पाहिल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत दुसरीतल्या लेकीला ही मालिका लावून दिली. आता मे चालू आहे, नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर पाठवायची सोय नाही, त्यामुळे कूलरसमोर जुने भागही पुन्हा पाहून झालेत.

‘वाइल्ड क्रॅट्स’ अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर २०११ मध्ये सुरू झाली. ती काढणारे क्रिस आणि मार्टिन क्रॅट हे सख्खे भाऊ. एक जीवशास्त्र शिकलेला, दुसरा प्राणिशास्त्र. सुरुवातीला आणि शेवटी ते स्वतः खऱ्या प्राण्यांजवळ दिसतात, मधलं सगळं कार्टून. त्यात खास सूट चढवला की त्यांना त्या प्राण्याची ताकद मिळते. वर्णन पोरकट वाटेल, पण मला मालिका पटली ती इथेच. प्राण्याची एखादीच करामत धरायची आणि शरीरात ती कशी घडते ते पुरतं उलगडायचं. आपल्याकडच्या अस्वलाचंच घ्या. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. नाकपुड्या मिटायच्या, लांब ओठ पुढे काढायचे आणि त्या फटीतून वारुळातली वाळवी जोरात ओढून घ्यायची! गोरेवाड्याच्या सफारीत अस्वल दिसलं तेव्हा बसमधली पोट्टी आरडाओरडा करत होती. आमची मात्र ते तोंड कधी उघडतं म्हणून काचेला नाक लावून बसली होती. नंतर आजीला तिनं सगळं ओठांचा चंबू करून दाखवलं.

खटकतात ते खलनायक. कोणाला प्राण्यांपासून फॅशनचे कपडे करायचे असतात, कोणाला त्यांना शिजवायचं असतं. त्या पाठलागात बराच वेळ जातो आणि खरा प्राणी जेमतेम दिसतो. तो वेळ खऱ्या चित्रणाला द्यायला हवा होता, असं मला दर वेळी वाटतं.

दुसरी अडचण इंग्रजीची. बोलणं भराभर असतं. मराठी शाळेतल्या मुलांसोबत मोठ्यांनी बसावं, मध्येमध्ये थांबवून सांगावं. वेळ जातो, पण खरे प्रश्न त्याच वेळी येतात. लहानग्यांना एकटं बसवलं तर फक्त मारामारी लक्षात राहते, हे शेजारच्या मुलांकडे पाहून सांगते.

पेंचची रानकुत्री शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना बोलावतात, गोंदियाच्या धानाच्या बांधीत सारस घरटं करतो. यावर असाच, एकेक करामत धरून केलेला कार्यक्रम मराठीत कोणी काढला, तर मी तो पहिल्या भागापासून लावीन.