गुलमर्ग की औली? फोंड्याहून निघताना

जानेवारीत पुण्याचे मित्र घरी येतायत, दोन दिवस म्हार्दोळ, मंगेशी, पणजी झालं की सगळ्यांना स्कीइंगला जायचंय, तर मी काश्मीरचं गुलमर्ग आणि उत्तराखंडचं औली, दोन्हीकडे जाऊन आलेय म्हणून लिहिते.

पहिलं अंतर. मोपा विमानतळाहून दिल्ली किंवा मुंबई करून श्रीनगर गाठलं की गुलमर्ग साधारण ५० किमी, म्हणजे दुपारी उतरलात तर संध्याकाळी बर्फात. औलीला मात्र डेहराडूनला उतरून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस घाटरस्ता, वीकेंडात हे बसतच नाही, चार-पाच दिवस हवेत.

शिकायला मला औली जास्त आवडलं. उतार सौम्य, गर्दी कमी, आणि समोर नंदादेवी! पहिल्या दिवशी बूट इतके घट्ट की पोटऱ्या ठणकत होत्या, इन्स्ट्रक्टर सारखा ओरडत होता, गुडघे वाकव, स्कीची टोकं आत घे, आणि एकदा ते पाचरीच्या आकाराचं ब्रेकिंग जमलं ना, डोळ्यात पाणी आलं हो.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत थेट अफरवट डोंगराच्या बाजूला जवळजवळ ३,९८० मीटरवर नेतो, पण वरचे उतार नवख्यांचे नाहीत, तिथे बर्फ घसरायचा धोकाही असतो, नवख्यांनी खालीच शिकावं. तिकीट आधी ऑनलाइन काढा.

फिरायला परत श्रीनगरच, दल लेक, शिकारा, गरम कहवा. औलीत फिरणं म्हणजे गोरसोंच्या कुरणाचा ट्रेक, तोही बर्फ बघून.

आमच्याकडे दोनच दिवस उरतात, त्यामुळे मी गुलमर्गच सुचवलंय. हातमोजे मात्र वॉटरप्रूफच घ्या, लोकरीचे तासाभरात भिजतात.