जाम झालेलं येझदीचं इंजिन पहिल्यांदाच स्वतः बांधलं : पावसाळाभर चालवल्यानंतरचा अनुभव

गाडी येझदी 250. जुनी 6 व्होल्टवाली, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली. म्हैसूरच्या आयडियल जावानं 1961 पासून आधी जावा आणि मग येझदी नावानं या गाड्या काढल्या, 1996 मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे ‘चालू होती हो, नुसती उभी करून ठेवलीय’ असं सांगून जी येझदी दाखवली जाते, तिची किक खाली जाईल अशी अपेक्षाच ठेवू नये. माझ्या गाडीची गेली नव्हती. उन्हाळ्यात इंजिन बांधलं, पावसाळा आणि दिवाळी त्यावर काढली, म्हणून आता लिहितोय.

निकाल आधीच सांगतो. समाधानी आहे, पण त्याचं श्रेय नव्या पिस्टनपेक्षा खालच्या कामाला जास्त आहे.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, हाफ इंजिन की फुल इंजिन? हाफ म्हणजे वरचं काम: बोअर (पिस्टन जिथं फिरतो ती सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा, पॅकिंग. फुल म्हणजे केसिंग (इंजिनाचं खालचं कवच, म्हणजेच क्रँककेस) उघडून क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा), बेअरिंगा, सील सगळं. इंजिन चालता चालता तापून धरलं (पिस्टन बोअरमध्ये अडकला) असेल तर हाफमध्ये भागू शकतं. उभ्या उभ्या गंजून जाम झालेलं असेल तर नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथं दाबलं जातं आणि मग वर चढतं. म्हणजे क्रँकच्या दोन टोकांची दोन ऑइल सील ही गळती थांबवणारी साधी रबरं नाहीत, इंजिनाचा श्वास त्यांच्यावर आहे. डायनॅमोच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), हेड तापतं आणि नवाकोरा पिस्टन पुन्हा धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं की चेनकेसमधलं (क्लचच्या चेनच्या डब्यातलं) ऑइल ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून थांबायचं नाव न घेणारा धूर सुरू होतो. शिवाय ज्या पाण्यानं बोअर गंजवला तेच पाणी खाली उतरून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपाशी बसलेलं असतं. वरून ते दिसतही नाही.

पिस्टन सोडवणं हे सगळ्यात चिवट काम. हेड काढलं तर बोअरमध्ये तांबूस पापुद्रा आणि रिंगांच्या रेषेत खोल खड्डे. डिझेल आणि एटीएफ (पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते ऑइल) समसमान मिसळून वर ओतलं आणि मुरू दिलं. काहीजण चौथा गिअर टाकून गाडी ढकलायला सांगतात. अजिबात करू नका, सगळा जोर रॉडवर आणि चेनवर जातो. पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके, आणि सिलिंडरला बाहेरून ब्लोलॅम्प, एवढंच. अर्थात डिझेल पूर्ण पुसून काढल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे सावकाश तापवत बसलात तर पिस्टन उलट जास्त आवळतो. सिलिंडर झटकन तापवायचा आणि निवू द्यायचा. दोन धातू वेगवेगळ्या मापानं फुगले-आकसले की मधला गंज तडकतो आणि निवल्यावर पुन्हा ओतलेल्या डिझेलला वाट मिळते. आधी केसभर हलला, मग करकरत खाली गेला.

केसिंगचे दोन भाग स्क्रू ड्रायव्हर घुसवून फाकवायचे नाहीत, जोडाच्या पृष्ठभागावर ओरखडा गेला की जन्मभर ऑइल पाझरतं. पुलर वापरायचा. नवीन बेअरिंग बसवताना मला सगळ्यात मजा आली. केसिंग इतकं तापवलं की पाण्याचा थेंब टाकताच चुर्र करून उडाला पाहिजे. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये होतं. जागेवर धरलं आणि टक्क आवाज करून आपोआप आत बसलं, हातोडीला हातही लावला नाही. (फ्रीजरमध्ये ते मटाराशेजारी का आहे, याचं उत्तर घरी तयार ठेवा.)

क्रँक आणि बोअर मात्र घरी होण्यासारखी कामं नाहीत. कोल्हापूरला असल्यानं उद्यमनगर हाताशी होतं. क्रँक प्रेसवर उघडून नवं रॉड किट घातलं आणि डायल (वाकडेपणा दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) लावून सरळ करून घेतला. बोअरिंगवाल्या काकांचं पहिलं वाक्य: ‘आधी पिस्टन आण जा, मग बोअरचं बघू.’ बरोबरच आहे. मूळ बोअर 65 मिलीमीटरचा, पुढे पाव-पाव मिलीमीटरनं ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन मिळतात, पण हातात आलेल्या पिस्टनचं प्रत्यक्ष माप घेऊनच बोअर मारायचा असतो. बोअर मारल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या मिश्रण-धुराच्या खिडक्यांच्या) कडा धारदार राहतात, त्या घासून बोथट करून घ्यायला विसरू नका. नाहीतर रिंग तिथं अडकून तुटते. रिंगांची तोंडंही पिस्टनच्या खाचेतल्या पिनांवरच आली पाहिजेत.

वापराबद्दल. पहिले 500 किलोमीटर लिटरला 50 मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घातलं आणि वेग पन्नाशीच्या आत ठेवला. आता 40 मिलीवर आहे. प्लग काढला की बिस्किटी रंगाचा निघतो, हीच मला हवी ती पावती. चेनकेसमधल्या ऑइलची पातळी इंजिन बांधलं तेव्हा होती तिथंच आहे, म्हणजे सील धरून आहे. पन्हाळा आरामात चढते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मात्र जपतो: पेट्रोलमधूनच ऑइल जात असल्यानं थ्रॉटल बंद करून गिअरवर उतरलं तर इंजिन जोरात फिरतं आणि वंगण मिळत नाही. मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्यायचा. मायलेज तिशीच्या आसपास.

तक्रारी आहेतच. थंड असताना पिस्टनचा खडखड आवाज येतो, तापल्यावर जातो. पहिल्यांदा मिळालेलं एक सील पाकिटातच कडक निघालं, ते दुकानदारानं परत घेतलं नाही. नखानं सीलचा ओठ (आतली रबरी कड) दाबून बघूनच घ्या. पावसात पॉइंटवर (ठिणगी पाडणाऱ्या स्विचवर) ओल धरते, त्यामुळे त्याची फट मोजायची 0.4 मिलीमीटरची पाती आणि बारीक पॉलिश पेपर डिकीत कायम. आणि 6 व्होल्टचा हेडलाइट, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

जाम गाडी घ्यायला निघाला असाल तर शक्य असेल तिथं हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइजचा आकडा बघा. 0.25 किंवा 0.50 असेल तर सिलिंडरमध्ये अजून जीव आहे. 1.00 दिसला तर नव्या लायनरचा (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळीचा) खर्च गृहीत धरूनच किमतीची घासाघीस करा.