गाडीखाली नवा काळा लेप दिसला तर पैसे देऊ नका

कॅनडातल्या ओंटारिओत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांची जुन्या गाडीत फसगत होते ती बहुतेक हिवाळ्याच्या तोंडावर. बससाठी थंडीत ताटकळणं नकोसं झालेलं असतं आणि जाहिरात दिसते: ‘सेफ्टी (म्हणजे गाडीची सुरक्षा तपासणी) झालेली, विंटर टायरसकट, भाव कमी’. ओळखीतल्या एका जोडप्याने अशीच सेडान घेतली. बघायला गेले तेव्हा इंजिन आधीच गरम होतं आणि गाडीची खालची बाजू काळी कुळकुळीत. फेब्रुवारीत ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेक लाइन गंजून फुटली होती. गाडी होइस्टवर, म्हणजे गॅरेजमधल्या गाडी उचलणाऱ्या लिफ्टवर, चढवल्यावर मेकॅनिकने दाराखालच्या रॉकर पॅनलला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वर रबरी लेप, आत पत्रा उरलाच नव्हता.

रस्त्यावरचं मीठ सांध्यांत साचतं आणि पत्रा आतून खातं. त्यावर रबरी कोटिंग मारलं की गंज झाकला जातो, ओल मात्र आत कोंडते. तेलाचं रस्टप्रूफिंग, म्हणजे गंज रोखायला मारलेलं तेल, मात्र चिकट, मळकट दिसतं. त्याला घाबरायचं कारण नाही. रॉकर पॅनल, मागच्या चाकांच्या कमानी, सबफ्रेमचे (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या चौकटीचे) बोल्ट आणि ब्रेक लाइन या जागा आपण निवडलेल्या मेकॅनिककडून होइस्टवर तपासून घ्या. विकणारा यालाच नाही म्हणाला, तर तिथेच निघा.

‘सेफ्टी आहे ना’ हे उत्तर पुरत नाही. ते सर्टिफिकेट ३६ दिवस चालतं आणि तपासणीच्या दिवशी गाडी किमान निकषांत बसत होती, एवढंच सांगतं. इंजिन किंवा गिअरबॉक्स किती टिकेल, याची हमी त्यात नाही.

खासगी विक्रीत विकणाऱ्याने ‘युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज’ द्यायचंच असतं. सर्व्हिस ओंटारिओ या सरकारी सेवा केंद्रात ते २० डॉलरला मिळतं. त्यात नोंदणीचा इतिहास आणि गाडीवरचं कर्ज दिसतं. कर्ज फिटलेलं नसेल तर गाडी तुमच्या दारातून उचलून नेली जाऊ शकते. ओनरशिपवरचं (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं) नाव आणि समोरच्याचं लायसन्स जुळवून पाहा. जुळत नसेल तर तो बहुधा कर्बसायडर, म्हणजे परवान्याशिवाय गाड्या विकणारा. ‘पावतीवर कमी किंमत लिहू, टॅक्स वाचेल’ हेही ऐकू नका. १३ टक्के कर प्रत्यक्ष किंमत आणि घाऊक किंमत यांतल्या जास्त आकड्यावर लागतो. शिवाय वाद झाला तर हातात तीच कमी रकमेची पावती राहते.

इंजिन थंडगार असतानाच पहिला स्टार्टर तुमच्यासमोर मारायला लावा. कमजोर बॅटरी तिथेच कळते. टायरवर डोंगरातल्या हिमकणाची, म्हणजे विंटर टायरची, खूण आहे का ते बघा. टायरच्या बाजूवर छापलेल्या ‘डीओटी’ कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५१७ म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी ४ मिलिमीटरवर आली असेल तर ते टायर फुकटातही नकोत. ऑल-व्हील ड्राइव्हसाठी (इंजिनची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाडीसाठी) जादा पैसे मोजण्यापेक्षा साधी फ्रंट-व्हील कोरोला आणि चार चांगले विंटर टायर घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑल-व्हीलने गाडी बर्फातून सुटते, पण थांबते ती टायरमुळेच.

फसवणूक झालीच असेल तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मेसेज आणि पावती जपा, दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल घ्या. कर्बसायडरची तक्रार ओमव्हिककडे, म्हणजे ओंटारिओतल्या गाडी-डीलरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, करता येते, पण त्यांचा भरपाई निधी फक्त नोंदणीकृत डीलरकडून घेतलेल्या गाडीलाच लागू होतो. बाकीच्यांना स्मॉल क्लेम्स कोर्टाची (छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाची) वाट धरावी लागते.