इंक टँक प्रिंटर: मशीन चांगलं, पण पोटात कुलूप

कराडात कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. साधी काळी झेरॉक्स मोठ्या मशीनवर निघते. रंगीत प्रिंट, पासपोर्ट फोटो आणि कागदपत्रं स्कॅन करायला २०२१ साली साडेतेरा हजारांना इंक टँक प्रिंटर घेतला, म्हणजे बाटलीतली शाई टाकीत ओतून चालणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी तक्रार सांगणार आहे ती एकाच कंपनीची नाही. धंद्यातल्या चौघांना विचारलं तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं निघाली.

आधी चांगलं बोलते. छपाई खरंच स्वस्त पडते. काळ्या शाईच्या बाटलीत साडेचार हजार पानं निघतील असं खोक्यावर होतं. माझ्याकडे साडेतीनच्या आसपास निघतात, कारण आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून पाच वेळा जाते आणि मशीन पुन्हा चालू झालं की आधी स्वतःचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करत बसतं. तरी परवडतं. फोटो पेपरवर रंग स्टुडिओसारखा नाही येत, पण शाळेच्या फॉर्मला चालतो. कागद मागून उभा घालायचा असल्याने जुलैत दमट झाला की दोन-दोन पानं ओढतं. रीम प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायला लागल्यापासून तेही कमी झालं.

आता कुलपाची गोष्ट. जून २०२४, अ‍ॅडमिशनचे दिवस. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, सगळं एकदम. सकाळी साडेदहाला दारात वीस-बावीस माणसं, आणि प्रिंटरचे दोन लाल दिवे लागले उघडझाप करायला. कॉम्प्युटरवर मेसेज आला की इंक पॅडचं आयुष्य संपलंय, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. टाक्या अर्ध्या भरलेल्या, कागद अडकलेला नाही. बंद-चालू करून पाहिलं, वायर काढून लावली. काही नाही. वर मला खरा राग कशाचा आला असेल तर स्कॅनरचा. स्कॅन करायला शाईचा थेंब लागत नाही, तरी तोही बंद. माणसं रांगेत आणि मी मोबाइलने दाखल्यांचे फोटो काढत बसले.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. मशीन घेऊन या, चार-पाच दिवस लागतील, आणि बाहेरच्या माणसाने हात लावला असेल तर आम्ही घेणार नाही. जूनमधले चार-पाच दिवस म्हणजे आमची निम्मी दिवाळी हो.

मग आमच्या नेहमीच्या रिपेअरवाल्या पोराला बोलावलं. तो आला, दिवे बघूनच म्हणाला, "ताई, पॅड फुल्ल दाखवतोय. खरंच फुल्ल आहे का ते बघू." मागच्या बाजूचा एक स्क्रू काढला, एक खण बाहेर आला. आत फेल्टच्या जाड पट्ट्या, शाईने काळ्याभोर. हेड साफ करताना ओढलेली शाई एका बारीक नळीतून इथे येऊन जिरते. मी तीन वर्षं मशीन वापरलं आणि त्याला असं पोट आहे हे मला माहीतच नव्हतं.

गंमत पुढे आहे. पॅड किती भरलाय हे मशीन बघत नाही. बघायला तिथे काही नाहीच. प्रत्येक सफाईला अंदाजे किती शाई गेली ते आतल्या मेमरीत मोजत जातं, आणि आकडा शंभर टक्क्यांवर गेला की दुकान बंद. पॅड बदला, धुवा, नवा घाला, मशीनला पत्ता नसतो. आकडा शून्यावर आणणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाकडे.

बाजारात ते सॉफ्टवेअर दोन रूपांत फिरतं. एक, पैसे भरून एका वेळेपुरती 'की', म्हणजे कोड, मिळते ते. दुसरं, कंपनीचंच चोरीचं, व्हॉट्सअ‍ॅपवर झिप फाइल म्हणून येणारं, उघडताना अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगणारं. पोरगा पेन ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. माझ्या कॉम्प्युटरवर निम्म्या तालुक्याची आधार कार्डं असतात. "तुझ्या लॅपटॉपवर कर, बाबा." त्याने तसं केलं. पडद्यावर १००% होतं, 'की' टाकली, बंद करून चालू करायला सांगितलं, ०% झालं. हिरवा दिवा. सगळं मिळून सात मिनिटं, चारशे रुपये.

पट्ट्या मी घरी नेल्या. बादलीत बुडवल्यावर पाणी आधी काळं, मग जांभळं, पाचव्या पाण्याला गुलाबी. गच्चीवर कुरडयांपासून चार हात लांब वाळत घातल्या, तरी सासूबाई दिवसभर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. दुसऱ्या फेरीला पोराने चिमट्याने ती बारीक नळी ओढून बाहेर काढली आणि सलाईनच्या रिकाम्या बाटलीत सोडली. बाटली मशीनपेक्षा खालच्या फळीवर पाहिजे, एवढंच पथ्य. आता वाया गेलेली शाई मला डोळ्यांनी दिसते. तीन वर्षं जे आतमध्ये अंदाजाने मोजलं जात होतं, ते बाटलीवर मार्करच्या रेघेने मोजते.

कंपनीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही सांगते. पॅड खरोखर भरला आणि तरी आकडा शून्यावर आणत राहिलं तर शाई खालून गळते. आमच्याच रस्त्यावर एकाच्या टेबलावरून स्टॅम्प पेपरच्या गठ्ठ्यावर गळली होती. आणि मीही गाढवपणा केलेला आहे. दुसऱ्या वर्षी सुटी स्वस्त शाई घातली, पिवळा रंग बंद पडला, हेडची किंमत ऐकून खुर्चीत बसले. ती चूक माझी, भुर्दंडही माझा, वॉरंटी मागायला मी गेले नाही. गळेल म्हणून बजावा, माझ्याकडून हो म्हणून घ्या, वॉरंटी काढून घ्या. पण साडेतेरा हजार मोजून घेतलेलं मशीन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हे काय? आणि किल्ली देत नाहीत म्हणूनच ती चोरीची झिप फाइल गावोगाव फिरते.

एक कुलूप मात्र मला मान्य आहे. बऱ्याच रंगीत कॉपीअरमध्ये नोट ओळखून छपाई थांबवायची सोय असते. शाळेच्या प्रोजेक्टला म्हणून पाचशेच्या नोटेची रंगीत कॉपी मागायला दरवर्षी एक तरी पोरगं येतंच. तिथे मी कंपनीच्या बाजूची.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचत बसते, त्यातून कळलं की प्रिंटर आणि कुलपं हे भांडण जुनं आहे. २०१६ च्या सप्टेंबरात एचपीचे अनेक प्रिंटर एकाएकी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज, म्हणजे शाईच्या तयार डब्या, घेईनासे झाले. आधी आलेल्या अपडेटमध्येच ते घातलेलं होतं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागून ते काढायचं वेगळं अपडेट दिलं. लेक्समार्क या दुसऱ्या प्रिंटर कंपनीने तर कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्या छोट्या कंपनीला कोर्टात खेचलं. ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ ला निकाल लागला की एकदा वस्तू विकली की पेटंटच्या जोरावर तिच्या पुढच्या वापरावर मालकी सांगता येत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. तिथे कंपन्यांच्या सर्व्हिसची आणि सुट्या भागांची माहिती एका जागी मिळावी असा बेत आहे. माहिती मिळणं चांगलंच, पण तेवढ्याने माझा लाल दिवा हिरवा होत नाही.

आणि हे टाक्यांचे प्रिंटर आले कुठून? कंपन्यांनी आधी कार्ट्रिजच विकली. माझ्या पहिल्या प्रिंटरला दोन कार्ट्रिज घेतली की जवळजवळ नव्या प्रिंटरचे पैसे व्हायचे. मग आम्ही मेडिकलमधून पाच एमएलची सिरिंज आणायचो, स्टिकर नखाने सोलून भोकात शाई भरायचो. पुढे चार बाटल्या आणि चार नळ्यांचा सेट आला. तो बाजूला लावायचा, नळ्या झाकणाखालून आत न्यायच्या, झाकण थोडं उघडं राहायचं, म्हणून मी त्यात खोडरबर अडकवायचे. हा उद्योग आशियाभर चालला होता. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात पहिल्यांदा टाकीवाला प्रिंटर स्वतः विकायला काढला. कार्ट्रिजला भोकं पाडणाऱ्या दुकानदारांनी जे घरच्या घरी करून दाखवलं, ते खोक्यात घालून, वॉरंटी लावून आम्हालाच विकलं. मी ते आनंदाने घेतलंही. तेव्हा तीच भोकं पाडायची सोय कोणी कुलूप लावून बंद केली असती, तर आज हा रिव्ह्यू मी कार्ट्रिजचा लिहीत असते.

तर घ्यावा का? रंगीत कामाला आणि घरच्या वापराला घ्या. दिवसाला पाच पानं काढणाऱ्याला पॅडचा प्रश्न कित्येक वर्षं येणार नाही. दुकानाला घेणार असाल तर पानामागचे पैसे विचारण्याआधी पॅड कोण बदलणार आणि आकडा कोण शून्य करणार हे विचारा. मी पाचपैकी साडेतीन देते. अर्धा स्कॅनरच्या नावाने कापला, एक कुलपाच्या.

गेल्या महिन्यात दुसरा प्रिंटर बघायला दुकानात गेले होते. नव्या काही मॉडेलांत पॅडच्या जागी मेंटेनन्स बॉक्स येतो, आपल्या हाताने काढून दुसरा घालायचा. मला बरं वाटलं. दुकानदाराने खणातून काढून माझ्या हातात दिला. उलटा करून बघितला तर कडेला नखाएवढी सोनेरी चिप.

"ही मोजते का?" मी विचारलं.

"मोजते की," तो म्हणाला, आणि काउंटरखाली हात घालत आवाज जरा खाली आणला, "पण ताई, हिचा रिसेटर पण आहे आपल्याकडं."