आठ सदनिका आणि एक कोरडा स्लॅब

सेवानिवृत्तीच्या रकमेतून आणि 6,00,000 रुपयांच्या कर्जातून मी खानदेशातल्या एका शहरात (नाव मुद्दाम टाळतो) 24,50,000 रुपयांची सदनिका घेतली. मुद्रांक व नोंदणी धरून 26,21,500. शिवाय ‘वाढीव कामाचे’ म्हणून 1,50,000 रुपये रोख दिले, ज्यांची पावती नाही आणि ज्यांचा उल्लेख करताना आजही मान खाली जाते. ताबा घेऊन तीन पावसाळे झाले नाहीत तोच स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा सुटून ओट्यावर पडला आणि आत गंजून फुगलेली सळई दिसली.

हे मला आधी कळायला हवे होते, आणि खरे सांगायचे तर कळले होते. मे महिन्यात, अंगाची लाही लाही होत असताना, मी बांधकाम पाहायला गेलो त्या दिवशी आमच्या मजल्याचा स्लॅब भरून चौथा दिवस होता. आळी बांधून पाणी साठवलेले असायला हवे, तिथे पांढरट भुकटी होती. चपलेने घासली तरी सुटत होती. खाली भाकरी थापत बसलेली रखवालदाराची बायको न विचारताच म्हणाली, ‘गुरुजी, आठे पानी कोन मारस?’ (इथे पाणी कोण मारतं?) मी बिल्डरला विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘सर, दिवसा मारलं तर वाफ होते भो, आम्ही रात्री मारतो.’ सदतीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला ते पटले! वाफ होते म्हणूनच पाणी साठवून ठेवायचे असते, हे त्या अशिक्षित बाईला ठाऊक होते. भारतीय मानक 456 (सन 2000) कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस पाणी देण्यास सांगते आणि मिश्र सिमेंट असेल तर 14. ते मी नंतर वाचले.

माझी बाजूही ऐका. बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला होता, नकाशा मंजूर होता, संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र फाइलला होते. ज्याची त्यावर सही आहे तो अभियंता बांधकामावर कधी आल्याचे आम्हा आठ कुटुंबांपैकी एकालाही आठवत नाही. प्रमाणपत्र पाहू नका, सही करणाऱ्याला फोन करा आणि स्लॅब भरताना तो कोणत्या दिवशी हजर होता ते विचारा.

आम्ही 46,400 रुपये खर्चून (प्रत्येकी 5,800) तपासणी करून घेतली. काँक्रीटचे गाभे काढून दाबून पाहिले. एम-20 प्रतीच्या काँक्रीटची ताकद दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन हवी, तिथे आकडा 11 आला. सळईखाली काँक्रीटचे 20 मिलिमीटर आवरण हवे, ते 8 निघाले. सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवलेच नव्हते. दुरुस्तीचा माझा वाटा 3,40,000.

मग सुरू झाल्या चकरा. नगररचना कार्यालयात सांगितले गेले की आम्ही फक्त नकाशा मंजूर करतो, गुणवत्तेची जबाबदारी परवानाधारक अभियंत्याची. अभियंता म्हणतो, देखरेख ठेकेदाराची. पोलिसांनी अर्ज न वाचताच ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हटले. भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या पाहणीवरून दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारले, तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. उद्या छत एखाद्या लेकरावर कोसळले की हेच सगळे पंचनाम्याला धावत येतील. मुंब्र्यात 2013 साली इमारत कोसळून 74 माणसे गेली, तेव्हाही धावपळ झाली ती नंतरच.

रेराची, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्याची, खरी मेख इथे आहे. नोंदणीकृत प्रकल्पात ताब्यापासून 5 वर्षांत संरचनेचा दोष निघाला तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पण 8 पर्यंत सदनिका असतील तर नोंदणीच सक्तीची नाही. आमच्या इमारतीत बरोबर 8 आहेत. शेजारच्या भूखंडावर त्याच माणसाची दुसरी इमारत, फाटक एक, बोअर एक, तिच्यातही 8. कायदा सर्व टप्पे मिळून मोजायला सांगतो. मोजायला मात्र कोणी आले नाही. आठ हा आकडा दिसला की शेजारचा सातबारा काढा. रोख एक रुपयाही देऊ नका.

आता ग्राहक आयोगात तक्रार करायची आहे. त्यासाठी कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, म्हणून वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला: दोष प्रथम कधी लक्षात आला? मी अभिमानाने माझी रोजनिशी पुढे केली, ज्यात मे महिन्यातल्या त्या दिवसाखाली माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, ‘स्लॅब कोरडा. पाणी मारत नाहीत असे रखवालदारीण म्हणते.’ त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली.