क्रोम करायचं की ॲल्युमिनियम बफ करायचं?

नवीन बाइकला जुना लुक द्यायचा म्हटलं की सगळे आधी क्रोमच्या मागे लागतात, पण मला विचाराल तर इंजिन कव्हरला क्रोम करूच नका. कव्हर असतं ओतीव ॲल्युमिनियमचं, त्यात बारीक छिद्रं असतात, प्लेटिंगआधीची, म्हणजे धातूचा थर चढवण्याआधीची, तयारी नीट झाली नाही तर पुढे फुगे येतात आणि पापुद्रे निघायला लागतात. शिवाय क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ, खरी चमक खालच्या निकेलची, त्यामुळे खाली ओरखडा राहिला तर तो वरूनही दिसणारच.

बफिंगचं, म्हणजे धातूच घासून चमकवण्याचं, तसं नाही. कंपनीचा काळा रंग आधी काढायचा, मग ३२० चा सँडपेपर, ६००, ८००, १२००, पाणी लावून, आणि शेवटी कापडी चाकावर पॉलिशिंग कंपाउंड. बराच वेळ सगळं राखाडी, मळकट दिसतं, हात काळे होतात, आणि मग अचानक त्यात आपलीच बोटं दिसायला लागतात, तो क्षण खरंच भारी असतो! १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश ट्विन्सची, म्हणजे दोन सिलिंडरच्या बाइक्सची, कव्हरं अशीच पॉलिश केलेली असायची. तोटा एकच, ॲल्युमिनियम हवेने मंद पडतं, अधूनमधून हात मारावाच लागतो.

क्रोम ठेवा हेडलाइट रिंग, मडगार्ड अशा स्टीलच्या भागांना. फक्त ॲक्सल आणि ताण घेणारे बोल्ट प्लेटिंगला देऊ नका, त्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून कडक स्टील ठिसूळ होऊ शकतं.